तिसरीच्या वर्गाला पन्नासपैकी चार

तंजावुरात पाहण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत. एक मोठं देऊळ आणि दुसरा मी. देऊळ माझ्याहून उंच आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण देवळाने आजवर एकही गुन्हा उघडकीला आणलेला नाही.

मी टी. व्ही. हनुमंतराव. टी म्हणजे तंजावूर, व्ही म्हणजे वडील वेंकटराव, आणि हनुमंतराव म्हणजे साक्षात मी. राजवाड्यामागच्या गल्लीत माझी टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट आहे. तिच्या पाटीखाली एक लहान पाटी दिसेल: ‘खासगी गुप्तहेर. आत चौकशी करावी.’ आत येणारे बहुतेक जण टाइपिंगच्या लोअर परीक्षेचीच चौकशी करतात, पण त्याला मी काय करू? माझी नजर घारीची आहे. नाक तर असं, की कुणाच्याही घरी कॉफीचा वास घेऊन आत चिकोरी किती घातली आहे ते मी उभ्या उभ्या सांगतो. त्यामुळे अजून गुन्हेगार सापडलेला नाही, पण बऱ्याच घरी आम्हाला कॉफी मिळायची बंद झाली आहे.

माझ्या मराठीबद्दलही सांगून टाकतो. मागे एकदा पुण्याहून एक प्राध्यापक जुन्या पोथ्या पाहायला आले होते. माझं बोलणं ऐकून म्हणाले, “अहो, किती जुनं मराठी हे!” मी म्हटलं, “जुनं असेल, पण रोजच्या वापरातलं आहे. शिळं झालेलं नाही.” प्राध्यापकांनी तेही वहीत लिहून घेतलं.

माझी मदतनीस म्हणजे माझी बायको धनलक्ष्मी. तिला तपासातलं काही कळत नाही, हे मी लग्न झाल्यापासून तिला समजावत आलोय. समोरच्यांची गाय हरवली तेव्हा मी खुरांचे ठसे बघत बघत कालव्यापर्यंत गेलो, चोर नावेतून पळाला असा निष्कर्ष काढला, नावाड्याला धरलं. आणि ही घरी बसून म्हणते, “गाय त्यांच्याच गोठ्यात मागल्या बाजूला आहे, मघापासनं हंबरतेय.” गाय होती तिथेच. पण ह्याला तपास म्हणत नाहीत. ह्याला नुसते कान म्हणतात.

तर आता प्रकरणाकडे वळतो.

दिल्लीने देशाची दारं उघडली त्या दिवसांतली ही गोष्ट. त्या दारांतून मद्रासला म्हणे परदेशी मोटारी आल्या. आमच्या गल्लीत आधी केबलची तार आली, मग माझ्या अगदी शेजारी कॉम्प्युटर सेंटर आलं (त्याबद्दल मी एक शब्दही बोलणार नाही), आणि मग आली कल्पनाशक्ती मोजणारी माणसं. मद्रासची कुठलीशी संस्था होती. प्राथमिक शाळेच्या वर्गात जाऊन बसायचं आणि तो वर्ग पोरांच्या कल्पनाशक्तीला किती वाव देतो ते मोजायचं, हे त्यांचं काम. दूध मोजतात, कापड मोजतात, कल्पनाशक्तीला कुठलं माप लावणार? पण त्यांच्याकडे होतं. पन्नास मार्कांचं.

एका दुपारी मी माझ्या खुर्चीत विचारमग्न असताना (डोळे मिटलेले होते, घोरत नव्हतो) माझी पुतणी विनुता रडत आत आली. विनुता आमच्या गल्लीतल्या शाळेत तिसरीची टीचर. तिच्यामागे धोतराचा सोगा सावरत हेडमास्तर बाळकृष्णराव.

“काका, चार!” विनुता म्हणाली.

“चार जण होते? हत्यारं होती का?”

“चार मार्क हो! पन्नासपैकी चार! माझ्या वर्गाला!”

बाळकृष्णरावांनी खाली बसून घाम पुसला. शाळेत पोरं कमी होत चाललेली. तिसरी-चौथी एकत्र करून एक टीचर कमी करायची असं वर ठरत होतं, आणि कमी व्हायची ती विनुताच, कारण ती कायम नव्हती. एकच सुटका होती. मद्रासवाल्यांच्या मापात ज्या वर्गाला निम्म्याहून जास्त मार्क मिळतील, तो वर्ग ‘नमुना वर्ग’ म्हणून आहे तसा चालू राहणार, टीचरसकट. पहिली पाहणी झाली होती. दुसरी आणि शेवटची शुक्रवारी.

“आणि हे चार तरी कशाचे, तर भिंतीवर गेल्या साली रंगवलेल्या हत्तीचे,” बाळकृष्णराव म्हणाले.

आता त्या वर्गाची ख्याती सांगतो. तिसरीच्या वर्गात एक मोडकं बाक होतं. दुसऱ्या टीचरने ते सरपणाला दिलं असतं. विनुताने पोरांना विचारलं, “ह्याचं काय करायचं?” पोरांनी त्याची पापनाशम गावाला जाणारी बस केली. सतीशकुमार नावाचा एक दात पडलेला मुलगा कंडक्टर. वडाच्या पानांची तिकिटं. बस रोज अय्यमपेट्टैच्या अलीकडे बंद पडायची, आणि ती पुन्हा सुरू करायला प्रत्येकाने नवी युक्ती सांगायची, नाहीतर उतरायचं. त्या बसमध्ये भागाकार होता, भूगोल होता, भांडणं तर किती होती. आवाज असा, की माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये चालू असलेली दहा टाइपरायटरं ऐकू यायची नाहीत. अशा वर्गाला पन्नासपैकी चार! पाणी कुठेतरी मुरत होतं.

“पहिल्यापासून सांगा,” मी म्हटलं. “काही लपवू नका.” मागच्या अंगणात धनलक्ष्मीचा ग्राइंडर घरघरत होता, म्हणून मी दार लावून घेतलं. ग्राइंडरच्या आवाजासाठी नव्हे, गुप्ततेसाठी. विनुताला शपथच घातली, काकूपुढे ह्यातलं अवाक्षर काढायचं नाही.

बाळकृष्णराव सांगू लागले. “आमच्याकडून काही कमी केलं नाही हो. विनुताला म्हटलं, रेशमी पट्टुसाडी नेस, केसात मोगरा माळ. खुर्च्या मांडल्या. तुमच्या घरनं केसरीचा गोड शिरा आणि केळ्याची बज्जी करवून आणली.”

“बज्जीवर संशय घ्यायला जागा नाही,” मी म्हटलं. “ती मी आधी चाखली होती.”

“दोघं आले. श्रीकर म्हणून एक तरुण, चष्मेवाला, इस्त्रीचा शर्ट. बरोबर त्यांच्या वरच्या अधिकारी, डॉक्टर चंद्रमती. रेशमी साडी, त्याच्या आईच्या वयाच्या. दोघंही आपल्यातलीच निघाली, मैलापूरची. विनुताने आपल्या हाताने बज्जीच्या बशा दिल्या. बाईंनी तिला वरपासनं खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, गाणं येतं का?”

“ते कशाला?”

“मापात आहे. टीचर शिकवताना गाणं वापरते का. पाच मार्क. विनुता गायली. मग बाई म्हणाल्या, जरा चालून दाखवा.”

“ते कशाला?”

“टीचर वर्गभर फिरते का खुर्चीला चिकटून बसते. तेही पाच मार्क. पण सांगून केलेलं धरत नाहीत म्हणे, दोन्हीकडे शून्य.”

“काका, मी इतकी घाबरले होते,” विनुता डोळे पुसत म्हणाली, “गेल्या वर्षी ते त्रिचीचे लोक मला बघायला आले तेव्हाही इतकी घाबरले नव्हते.”

मी डोळे बारीक केले. इथवर संशय घेण्यासारखं काहीच नव्हतं.

“आणि पोरं?”

“हाताची घडी, तोंडावर बोट! एकेक पोर जणू देव्हाऱ्यात बसवलेलं. श्रीकर म्हणाले, विटेचे जितके सुचतील तितके उपयोग सांगा. सगळे एका सुरात म्हणाले, घर बांधायला. दुसरं काही? तर सतीशकुमार उठून म्हणतो, टीचरना घर फार छान सांभाळता येतं.”

“हं.”

“मग म्हणाले, मनात येईल ते चित्र काढा. अख्ख्या वर्गाने एकच चित्र काढलं. विनुता चुलीपुढे मोठं पातेलं ढवळतेय. मग श्रीकर म्हणाले, आता तुम्ही मला काहीही विचारा, जितके प्रश्न तितके मार्क. तेव्हा ती कीर्तना उठली, दोन वेण्यांची, आणि म्हणाली, सार, तुमचं नक्षत्र काय? दुसऱ्याने विचारलं, पगार किती? तिसऱ्याने, घर स्वतःचं की भाड्याचं? मग कोणी म्हणालं, तुमच्या अम्मांना राग लवकर येतो का? मापात लिहिलंय, ‘विषयाला धरून विचारलेले प्रश्न.’ मार्क शून्य. बिचाऱ्या श्रीकरांनी उत्तरं मात्र सगळी दिली. रोहिणी नक्षत्र आहे त्यांचं.”

मी उठलो. खोलीत एक फेरी मारली. टाइपरायटरला गुडघा लागला, पण कळू दिलं नाही.

“जन्मनक्षत्र. पगार. घर. घरच्या माणसांचा स्वभाव,” मी म्हटलं. “दुसऱ्या माणसाला हे प्रश्न जगात कोण विचारतं?”

उत्तर द्यायला मीच बोट वर केलं.

“विमा एजंट!”

बाळकृष्णरावांनी कपाळाला हात लावला. माझ्या निष्कर्षांनी लोक असे थक्क होतात, मला सवय आहे.

आमच्या भागातला विमा एजंट म्हणजे कृष्णाजी. त्याने पोरांना हाताशी धरून वर्गात एजंटांची टोळी उभी केली आहे, हे मला शाईइतकं स्वच्छ दिसत होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याचा पाठलाग केला. तो थांबला की मी थांबे, तो वळला की मी वळे. शेवटी बसस्टँडपाशी तो मागे वळून म्हणाला, “हनुमंतराव, कधीचे मागे येताय, लाजताय कशाला? या, बसा.” संध्याकाळपर्यंत कृष्णाजीवर काही शाबीत झालं नाही, पण माझा वीस वर्षांचा विमा झाला होता.

धनलक्ष्मी पावती बघून म्हणाली, “काय प्रकरण आहे, मला सांगाल कां?”

“राज्याचं गुपित आहे.”

“कसाला इतकं लपवताय? विनुताचं काही आहे कां? पोरगी दोन दिवस जेवली नाही, मणत होती तिची अम्मा.”

“मधे पडू नकोस,” मी म्हटलं. तिने खांदे उडवले आणि दोसे घालायला गेली.

मग मी पातेल्याकडे वळलो. सगळ्या चित्रांत पातेलं! पोरांना कुणीतरी शाळेच्या दुपारच्या जेवणातून सुस्तीचं औषध देत होतं, आणि निष्पाप बालमन चित्रातून तेच सांगत होतं. मागल्या रस्त्यावर नवी इंग्लिश मीडियम शाळा निघाली होती, तिथे टाय लावतात. टाय लावणारी माणसं काय वाटेल ते करतील. मी शाळेत जाऊन दुपारचं सांबार-भात स्वतः खाऊन पाहिलं. पहिल्या वाढपात काही जाणवलं नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्या वाढपानंतर मात्र माझे हातपाय जड झाले, जीभ वळेना, आणि मी पुंगाच्या झाडाखाली आडवा झालो. सिद्धान्त जवळजवळ सिद्ध झाला! पण जाग आली तेव्हा तेच सांबार खाल्लेली तिसरीची पोरं माझ्या भोवती रिंगण धरून ओरडत होती, आणि माझ्या पोटावर खडूने बसचं चाक काढलेलं होतं.

तिसरा मार्ग वेषांतराचा. बुधवारी मी दाढी-मिशी लावून, डोक्याला टॉवेल गुंडाळून शाळेच्या फाटकापाशी पेरू विकायला बसलो. मधल्या सुट्टीत पहिलीच आली ती कीर्तना.

“टायपरायटर मामा, तुमी पेरू कधीपासनं विकायला लागला?”

“मी तो नव्हे,” मी आवाज बदलून म्हटलं.

“मिशी पेरूवर पडलीय.”

मी मिशी उचलली. “बाळ, पेरू घे. फुकट घे. आणि मला सांग, मद्रासहून जे—”

“ते सार?” तिचे डोळे मोठे झाले. “परत येणारेत?”

“शुक्रवारी.”

ती गर्रकन वळली आणि पोरांकडे बघून ओरडली, “डेय! दुसऱ्यांदा येतायत!” सगळी पोरं एकदम धावत आली. आधी सगळ्यांची तोंडं खुलली. आणि मग, माझ्या घारीच्या नजरेतून हे सुटलं नाही, एकेक करून उतरली. सतीशकुमार तर शिट्टी खिशात घालून पायरीवर जाऊन बसला.

“बरं जालं,” कीर्तना म्हणाली, एरंडेल घेतल्यासारखं तोंड करून. “ह्यावेळी अजून गप्प बसायचं. वीट विचारली तर घर, दुसरं काही बोलायचं नाही. मी सगळ्यांना सांगितलंय.”

“पण का?”

“तुमाला नाही कळायचं, मामा. तुमी मोठे आहात.” आणि दोन पेरू घेऊन गेली.

म्हणजे कट होता! आणि पोरं दुःखी होती, म्हणजे त्यांच्या मनाविरुद्ध होता. त्यांना कोणीतरी धमकावलं होतं. कोणी? श्रीकर आला की ती गप्प होतात, म्हणजे श्रीकरनेच. हा मोजणारा नसून इंग्लिश मीडियमवाल्यांचा हेर. नक्षत्र रोहिणी सांगतो, पण दाखला कुठाय?

गुरुवारी संध्याकाळी विनुता आली. धनलक्ष्मी देवळात गेली होती. पोर उंबऱ्यातच बसली.

“काका, काही कळलं?”

“जाळं आवळत आणलंय.”

“मला कायम नोकरीचा हट्ट नाही हो,” ती खाली बघत म्हणाली. “दुसरीकडे कुठे मिळेलही. पण मला हीच पोरं हवीत. सतीशला आधी तीन शब्द धड बोलता यायचे नाहीत. आता तो शिट्टी वाजवून अख्खी बस चालवतो. वर्ग एकत्र करून त्याला चौथीच्या मोठ्या पोरांत बसवलं की पुन्हा तोंड मिटून घेईल. आणि चार मार्क म्हणजे काका, मीच त्यांना गप्प केलं असंच ना?”

ह्या पोरीला मी खांद्यावर बसवून देवळाचा नंदी दाखवलाय. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, “घाबरू नकोस. हनुमंतराव अजून जिवंत आहे.”

ती आणखी रडायला लागली.

शुक्रवारी पाहुणे यायच्या आत मी वर्गातल्या कपाटात शिरलो. कपाट लाकडी, उभं, आत नकाशे, पृथ्वीचा गोल आणि एक पाल. कुलुपाच्या भोकातून मला अख्खा वर्ग दिसत होता. बेत असा, की श्रीकरने पोरांना धमकीची खूण केली रे केली, की झडप घालायची.

पोरं आत आली. तेल लावून चापून भांग पाडलेले. कुणीतरी उंबऱ्यापुढे कोलमची रांगोळी काढली. कीर्तनाने विनुताच्या केसात आणखी एक मोगऱ्याचा गजरा माळला. सतीशकुमारने मोडकं बाक, म्हणजे पापनाशमची बस, ढकलत ढकलत कोपऱ्यात नेली आणि तिच्यावर चादर घातली. मग सगळी हाताची घडी घालून बसली. आयुष्यात मी इतकी शांतता ऐकली नव्हती. पालसुद्धा गप्प होती.

श्रीकर आणि चंद्रमतीबाई आले. खुर्च्यांवर बसले. श्रीकरने वीट विचारली, वर्गाने घर बांधलं. बाई विनुताला म्हणाल्या, “ह्यावेळी दुसरं एखादं गाणं म्हणून दाखवता?” विनुता उभी राहून गायली. गाणं संपलं. श्रीकरने सुस्कारा टाकून विचारलं, “आज तरी कोणाला काही विचारायचंय?”

सतीशकुमार उठला. “सार, तुमच्या घरी पाणी रोज येतं? टीचरना विहिरीचं ओढायला लागेल?”

श्रीकरने कागदावर शून्य मांडलं. विनुताने डोळे मिटून घेतले.

एवढ्यात दारातून धनलक्ष्मी आली, हातात केसरी-बज्जीचं ताट. शिपाई आजारी म्हणून बाळकृष्णरावांनी तिलाच बोलावलं होतं. ती उंबऱ्यातच थबकली. तिने पट्टुसाडी बघितली, दुहेरी मोगरा बघितला, खुर्चीवरच्या रेशमी साडीतल्या बाई बघितल्या, शेजारी चष्मेवाला तरुण बघितला, हाताची घडी घातलेली पोरं बघितली, आणि मग स्वतःच्या हातातलं ताट बघितलं.

“अय्यो देवा!” ती म्हणाली आणि मटकन बाकावर बसून अशी हसायला लागली, की बज्जी घरंगळली. “अरे पोरांनो! ही माणसं टीचरचं लग्न ठरवायला आलेली नाहीत रे!”

वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. कपाटात माझ्या हातून नकाशा पडला, तो ऐकू आला, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

“मग... केसरी-बज्जी?” कीर्तना हळूच म्हणाली.

“ती मी केली. पाहुणे मणून केली.”

“पट्टुसाडी? गाणं? चालून दाखव मणाले ते?”

चंद्रमतीबाईंनी मापाच्या कागदाकडे पाहिलं, विनुताकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला. “अगं बाई,” त्या पुटपुटल्या. “खरंच की.”

आता तुम्हाला सांगायला हवं. आमच्या तंजावुरात मुलगी बघायला पाहुणे आले, की केसरी नि बज्जी. त्यांच्याशिवाय बघणं नाही, आणि बघण्याशिवाय एरवी कोणी शहाणा ह्या दोन गोष्टी एका ताटात मांडत नाही. मुलीने रेशमी साडी नेसून ताट आणायचं, मुलाच्या आईने गाणं विचारायचं, चाल बघायची, आणि घरातल्या पोरांनी? पोरांनी तोंडावर बोट ठेवून बसायचं. हे आमच्याकडे दूधपित्या लेकराला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतंच, फक्त त्या वेळी मी विम्याच्या दिशेने विचार करत होतो.

“पोंगलला माझ्या अक्काला बघायला आले होते,” कीर्तना म्हणाली. “त्या मामींनी मला विचारलं, अक्काचे केस किती लांब गं, स्वतःचेच कां? मी सांगितलं, अर्धी वेणी गंगावनाची आहे. मोडलं. अक्का किती रडली. तेव्हापासनं अम्मा मणते, तुझ्या तोंडाला कुलूप हवं. मणून मी सगळ्यांना सांगितलं, टीचरचं मोडायला नको. बस दिसली तर मणतील, ही टीचर पोरांना डोक्यावर बसवते. वीट विचारली तर घरच सांगायचं.”

“आणि तुम्हाला टीचर मद्रासला जायला हव्या होत्या?” चंद्रमतीबाईंनी विचारलं.

“नको की!” अख्खा वर्ग एकदम म्हणाला.

“मग?”

“मोडलं तर टीचर रडतील,” सतीशकुमार म्हणाला.

विनुता तशीच पट्टुसाडीत खाली बसली आणि जी पोरं हाताला लागली ती तिने जवळ ओढली. कपाटात मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, चांगला हुंदका येऊन रडू आलं.

श्रीकर घसा साफ करत म्हणाला, “माझं लग्न झालंय. घरी जुळी मुलं आहेत.”

“मग आधी सांगायचं नाही कां सार?” कीर्तना भडकली.

“हे कुणी विचारलंच नाही.”

नक्षत्र विचारलं, पगार विचारला, पाण्याचा नळ विचारला, आणि मुख्य प्रश्न राहिला! पुरावे भक्कम आणि निष्कर्ष चूक. मला त्या पोरांबद्दल फार आपुलकी वाटली. ही तर माझीच पद्धत.

“मणजे टीचर कुठेच जाणार नाहीत?” कीर्तनाने धनलक्ष्मीला विचारलं.

“तुमी असेच खांबासारखे बसलात तर जातील,” धनलक्ष्मी म्हणाली. बाळकृष्णरावांनी दारातच तिला मार्कांचं सगळं सांगून टाकलं होतं. त्यांना मी शपथ घालायला विसरलो होतो. “ह्या लोकांना तुमचा गोंधळ बघायचाय. कुठाय तुमची ती बस?”

मग सतीशकुमारने खिशातनं शिट्टी काढली.

पुढचं मी भोकातून पाहिलं तसं सांगतो. चादर उडाली. “पापनाशम, पापनाशम, पापनाशम!” चंद्रमतीबाईंना खिडकीची जागा मिळाली, केसरीचं ताट मांडीवर. श्रीकरने अधिकारी असल्याचं सांगून पाहिलं, त्याला मागे उभं केलं. अय्यमपेट्टैच्या अलीकडे बस बंद पडली. “वीट आहे!” कोणीतरी ओरडलं. “विटेने काय होतं? युक्ती सांगा नाहीतर उतरा!” वीट चाकाखाली लाव. वीट ड्रायव्हरच्या उशाला दे, तो थकलाय. वीट तापवून कंडक्टरच्या आजीच्या गुडघ्याला शेक. विटेवर आलं ठेचून कॉफीवाल्याला दे, तो धक्का मारेल. वीट कालव्यात टाक, मगर घाबरून बाहेर येईल, मगरीला बसला जुंप. श्रीकर लिहीत होता, लिहीत होता, त्याच्या पेनातली शाई संपली, आणि एका पोरीने त्याला सांगितलं की विटेच्या तुकड्यानेही लिहिता येतं.

“जॅक पाहिजे!” सतीशकुमार ओरडला. “कपाट हलवा!”

मी आतून ओरडलो, पण त्या गोंगाटात कोण ऐकतो. कपाट कललं, दार उघडलं, आणि मी, पृथ्वीचा गोल पोटाशी धरून, अंगावर आशिया खंड पांघरून, थेट बससमोर आडवा पडलो.

सतीशकुमारने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तिकीट?”

नव्हतं. मला उतरवण्यात आलं.

संध्याकाळी निकाल आला. पन्नासपैकी सेहेचाळीस. तिसरीचा वर्ग ‘नमुना वर्ग’ ठरला, विनुता आहे तिथेच राहिली, आणि बाळकृष्णरावांनी गल्लीभर केसरी वाटली; बज्जी कोणी केली नाही, अफवा नको म्हणून. जाण्याआधी चंद्रमतीबाईंनी श्रीकरला विचारलं म्हणे, “सगळा वर्ग, न आवडणारी एक गोष्ट, दोनदा तोंड मिटून केली, आणि एकही पोर फुटलं नाही. ह्याला आपल्या मापात किती मार्क?” तो म्हणाला, “त्याचा रकाना नाही, मॅडम.” बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि मापाचा कागद घडी घालून पिशवीत टाकला.

राहिले ते चार मार्क. ते का कापले, हे बाळकृष्णरावांनी मला वाचून दाखवलं: ‘वर्गातील कपाटात एक अनोळखी प्रौढ इसम आढळला. मुलांच्या मोकळेपणाला बाधक.’

अनोळखी! तंजावुरात! मी! मी तडक अपील टाइप करायला बसलो, आणि हे प्रकरण माझ्या नावावर सुटलेल्या प्रकरणांत लिहून टाकलं. धनलक्ष्मी दोसा वाढता वाढता म्हणाली, “पहिले चार मार्क भिंतीवरच्या हत्तीने मिळवले. हे चार तुमी घालवले. हत्ती बरा.”

पापनाशमच्या बसला आता एक नवा स्टॉप झालाय. त्याचं नाव कपाट. तिथे बस रोज थांबते, कंडक्टर खाली उतरतो, दार उघडून आत कोणी गुप्तहेर नाही ना ते बघतो, आणि मगच शिट्टी वाजवतो.